पंधरा लिटरचा गिझर, वीस मिनिटांचं गणित

उष्णता हा धडा मी गेली चोवीस वर्षं शिकवतोय. त्यातली शेवटची सहा तलासरीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात. एवढ्या वर्षांत फळ्यावर मी जितकं पाणी तापवलं, तितक्यात अख्ख्या तालुक्याच्या आंघोळी झाल्या असत्या. पण घरात पाणी तापवायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. नाशिकला ते काम बायको करायची. तलासरीत मी एका खोलीत राहायचो, तिथे नळाला येईल ते पाणी अंगावर घ्यायचं, एवढंच ठाऊक होतं.

बायकोने ती खोली एकदाच पाहिली. चहा प्यायली, मोरीत डोकावली आणि म्हणाली, "मी इथे राहायला यावं असं तुम्हाला वाटत असेल तर नीट जागा बघा. नसेल वाटत तर ही छान आहे."

म्हणून मी जूनमध्ये डहाणूत फ्लॅट भाड्याने घेतला. खाली घरमालक काका आणि काकी, वर मी. काकांची कोसबाडच्या बाजूला चिकूची वाडी आहे. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण सायकलवर बसला की मागे वळून बघत नाही. बोलणं मराठी, मात्र हिशेब, राग आणि देवाचं नाव गुजरातीत. त्यांनी मला जागा दाखवली ती अशी: आधी खिडकी, मग खिडकीतून दिसणारं आंब्याचं झाड, मग झाडाखाली उभी असलेली त्यांची सायकल, आणि सगळ्यात शेवटी, न्हाणीघराचं दार अर्धंच उघडून, गिझर.

"पंधरा लिटर," ते हळू आवाजात म्हणाले.

गिझरला प्लास्टिकची पिशवी घातलेली होती. दारावर कागद चिकटवला होता. त्यावर काकांच्या अक्षरात दोन सूचना होत्या. पहिली, गिझर वापरल्यावर बंद करणे. दुसरी, वापरण्याआधी गिझर बंद असल्याची खात्री करणे.

"पण मग पाणी तापणार कधी?" मी विचारलं.

"सर, समुद्राच्या काठी थंडी कुठली?" काका म्हणाले. "ही वस्तू असावी घरात. वापरायलाच पाहिजे असं थोडंच आहे?"

डिसेंबरपर्यंत त्यांचंच खरं होतं. मग बायकोचा फोन आला, की नाताळच्या सुट्टीत दहा दिवस येते.

"गरम पाणी आहे ना?"

"पंधरा लिटरचा गिझर आहे," मीही काकांच्याच सुरात म्हणालो. "दोन हजार वॅटचा. तुला सांगतो, नळाचं पाणी बावीस अंश धरलं आणि साठपर्यंत न्यायचं म्हटलं, तर बरोबर वीस मिनिटं लागतात."

"तुम्ही तापवून बघितलंत?"

"गणित केलं."

पलीकडून काही बोलणं आलं नाही. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, त्यामुळे तिच्या गप्प बसण्याचाही अर्थ मला कळतो. त्या संध्याकाळी मी पिशवी काढली, दारावरच्या दोन्ही सूचना मोडल्या आणि बटण दाबलं. गिझरवर लाल दिवा लागला. मी समाधानाने दिवा बंद केला. माझ्या दृष्टीने चाचणी संपली होती.

ती आली त्या दिवशी सकाळी चांगलाच गारवा होता. डहाणूचा गारवा नाशिकच्या थंडीपुढे काहीच नाही, पण बायको पाहुणी म्हणून आली होती, त्यामुळे तिला तो जास्त लागला. मी घड्याळ लावून बरोबर वीस मिनिटांनी हाक मारली, "पाणी तयार!"

ती आत गेली. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "अहो, दोन मग गरम आले. आता कोमट. आता तेही नाही."

"थोडं थांब."

"मी साबण लावलाय."

मग मी गॅसवर पातेलं ठेवलं आणि दाराच्या फटीतून ते आत सरकवलं. बाहेर आल्यावर ती केस पुसत म्हणाली, "तुमच्या गणितात साबणाचा विचार केलेला नव्हता वाटतं."

आता प्रश्न पाण्याचा राहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतला थर्मामीटर घेऊन आलो. बायकोला हातात घड्याळ धरून उभं केलं. वीस मिनिटांनी पाणी एकतीस अंश. तीस मिनिटांनी चौतीस. चाळीस मिनिटांनीही चौतीसच. मधूनमधून गिझरच्या आतून तडतड आवाज येत होता, लाह्या फुटल्यासारखा.

"हा कसला आवाज?" तिने विचारलं.

"पाणी उकळतंय."

"चौतीस अंशाला?"

मी थर्मामीटर पुसून खिशात ठेवला. वर्गात असा प्रश्न आला की मी 'चांगला प्रश्न आहे, उद्या बोलू' असं म्हणतो. घरात ती सोय नसते.

काकांना विचारलं. ते वर आले, पिशवी कोणी काढली म्हणून आधी थोडे नाराज झाले आणि मग गिझरवरून हात फिरवत म्हणाले, "वस्तू एकदम बराबर आहे. आधी इथून थेंब थेंब पाणी गळत होतं, ते पण मी बंद केलं." गिझरच्या खाली थंड पाण्याच्या नळीला एक छोटी तोटी होती. तिच्या तोंडात काकांनी चिकूच्या लाकडाची खुंटी तासून ठोकली होती आणि वरून सुतळी गुंडाळली होती. काम सुबक होतं. मी म्हणालो, "वा, छान केलंत." पुढे जे कळलं त्यानंतर हे दोन शब्द मला बरेच दिवस आठवत राहिले.

मग मी बाजारातून पाणी तापवायचा रॉड आणला. बादलीत रॉड आणि भिंतीवर गिझर, दोन्ही एकाच वेळी लावले. माझा विचार असा, की अर्धं इकडे तापेल, अर्धं तिकडे. पाच मिनिटांत घरातली वीज गेली. पाठोपाठ खालून काकींचा आवाज आला. वरचा मजला चढवताना काकांनी वायरिंग स्वतःच्या देखरेखीखाली करून घेतलं होतं, त्यामुळे वरचं काही ट्रिप झालं की खालचं घरही जायचं. काकी सकाळच्या आरतीचं थेट प्रक्षेपण बघत होत्या. आरती अर्ध्यात गेली म्हणून त्या जिना चढून वर आल्या, मागोमाग काकाही. उंबऱ्यात उभ्या राहून त्यांनी आधी रॉडकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या थर्मामीटरकडे.

"सरांना ताप आहे का?" त्यांनी बायकोला विचारलं.

बायको इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. हसून झाल्यावर मात्र तिने निर्णय सांगितला. "आता तुम्ही दोघांनीही त्या गिझरला हात लावायचा नाही. ज्याला कळतं त्याला बोलवा."

काकी म्हणाल्या, "गंजाड गावची एक पोरगी आहे. आयटीआय केलंय. स्कूटीवरून फिरते, सगळ्यांची फिटिंगं करते. आमचा पंप तिनेच चालू केला. यांना चार दिवस जमलं नव्हतं."

काका खिडकीबाहेर आपली सायकल बघू लागले.

फोन केला तर ती म्हणाली, "अच्छाडला एका ढाब्याचं वायरिंग चालू आहे. ते उरकून दुपारी येते. तोपर्यंत मेन बंद ठेवा." आवाज ठाम होता. आम्ही मेन बंद करून बसलो.

दुपारी ती आली. बावीस-तेवीसची असेल. खांद्याला पिशवी, पायात बूट, कमरेला टेस्टर. दारात मला बघून थबकली.

"सर, तुम्ही?"

मला चेहरा आठवला, नाव आठवलं नाही. माझ्या इथल्या पहिल्याच वर्षी ती अकरावीला होती. खिडकीशेजारी बसायची. वर्षाच्या शेवटी सायन्स सोडून गेली, एवढंच लक्षात होतं.

"अरे वा," मी म्हणालो. "तू इकडे वळलीस तर!"

"हो सर," ती म्हणाली आणि थेट न्हाणीघरात गेली.

मला वाटलं होतं ती आधी गिझर उघडेल. तिने आधी तो नुसता बघितला. वरून, खालून, मग टॉर्च लावून बाजूने. आणि मग विचारलं, "हे कोणी ठोकलंय?"

"मी," काका अभिमानाने म्हणाले. "गळत होतं ते बंद झालं ने?"

"काका, हे गळायलाच पाहिजे." तिने पक्कड घेतली आणि खुंटी हलवून हलवून बाहेर काढली. "पाणी तापलं की फुगतं. टाकी चारी बाजूंनी बंद. मग जास्तीचं पाणी जाणार कुठे? या तोटीतून थेंब थेंब जातं. ही वाट तुम्ही बंद केली. त्यात कधी थर्मोस्टॅट अडकला, पाणी तापतच राहिलं, आत वाफ झाली, तर ही टाकी भिंतीवर राहणार नाही. आणि या काकू आत आंघोळीला असल्या तर?"

काकांनी तिच्या हातातली खुंटी घेतली आणि हळूच सदऱ्याच्या खिशात टाकली. बायको माझ्याकडे बघत होती. तापल्यावर पाणी प्रसरण पावतं, हे मी दरवर्षी वर्गाकडून तीनदा मोठ्याने म्हणून घेतो. आणि ती खुंटी बघून मी 'वा' म्हणालो होतो.

मग तिने बोर्ड उघडला. त्यात अर्थिंगची हिरवी वायर होती, पण ती नुसती गुंडाळून मागे सारलेली. कशालाच जोडलेली नव्हती. "ही बघा. दिसायला तीन पिना, कामाला दोनच," ती म्हणाली. "आतली पाणी तापवणारी सळई फुटली तर करंट पाण्यातून थेट माणसापर्यंत येईल. अर्थिंग झाल्याशिवाय मी हा चालू करून देणार नाही. उद्या यावं लागेल."

"पण ह्यांना आज पाणी पाहिजे," काका म्हणाले.

"आज गॅसवर तापवा, काका."

मी टॉर्च धरून उभा होतो. तिने टाकीतलं पाणी सोडलं, खालचं झाकण उघडलं आणि सळई बाहेर ओढली. सळई अशी मी तिला उगाच म्हणतोय. बाहेर आला तो पांढरट दगडाचा एक जाड दांडा होता. तिने पान्याने टकटक केलं तसे पापुद्रे गळून पडले. टाकीच्या तळाशीही ओंजळभर खडी निघाली. त्यातली थोडी तिने माझ्या हातावर ठेवली.

"बोअरच्या पाण्यातले क्षार. इथल्या सगळ्या गिझरांत असतात. तडतड आवाज यायचा ना?"

"यायचा," बायको म्हणाली. "पाणी उकळतंय असं सांगितलं होतं मला."

"उकळत नाही, काकू. सळईच्या अंगावर हा थर बसलाय. त्याच्या आतल्या आत ती नको तितकी तापते, आणि शेजारच्या थर्मोस्टॅटच्या नळीवरही थर, म्हणून त्याला वाटतं पाणी झालं. तो वीज तोडतो. पाणी राहतं कोमट. मग तुम्ही चाळीस मिनिटं लावा नाहीतर चार तास."

इतकं सोपं करून मी तो धडा कधी शिकवला नव्हता. मी तसं म्हणालोही. "तू फार छान समजावून सांगतेस."

ती सळई खरवडत होती. मान वर न करता म्हणाली, "वर्गात मला विशिष्ट उष्माधारकता सांगता आली नव्हती, सर. तुम्ही उभं केलं होतं. म्हणाला होतात, हिचं डोकं आणि पाणी, दोन्ही तापायला फार वेळ लागतो. सगळे हसले."

मला आठवत नव्हतं. पण ते वाक्य माझंच होतं, यात शंका नव्हती. ते मी दरवर्षी कोणाला ना कोणाला म्हणायचो. त्यावर वर्ग हसायचा आणि तास बरा गेला असं मला वाटायचं.

"मग वर्षभर पोरं मला 'गिझर' म्हणायची," ती म्हणाली. आणि हसली. खरंच हसली, मला लाजवायला नाही. "आता धंदाच त्याचा करते."

"त्याच्यामुळे सायन्स सोडलंस का?"

"नाही सर. घरून रोज तलासरी जमत नव्हतं. आणि मला हाताने करायचं असायचं, वहीत नाही. पण त्या दिवशी वाईट वाटलं होतं."

टॉर्चचा उजेड मी सळईवर धरायला हवा होता, तो भलतीकडेच पडला होता. "चुकलं माझं," मी म्हणालो.

"उजेड इकडे धरा ना, सर," ती म्हणाली.

उरलेले क्षार काढायला तिने लिंबाची फुलं, म्हणजे सायट्रिक ॲसिड, आहे का विचारलं. काका म्हणाले, "लिंबूना फूल? ढोकळ्याचे?" आणि काकींनी डबाच आणून दिला. सळई बादलीत त्या आंबट पाण्यात ठेवली तशी तिच्या अंगावर बुडबुड्यांची झुंबड उडाली. आम्ही चौघं बादलीभोवती उभे राहून ते बघत होतो. काकी म्हणाल्या, "दाताला पण चालेल का हे?" यावर मात्र त्या मुलीने हात जोडले.

टाकीत आणखी एक झिजलेली दांडी निघाली. ती बदलून नवी टाकायची होती. "हिला टाकीच्या जागी गंज खायला ठेवलेलं असतं," तिने बायकोला सांगितलं. "ही झिजते म्हणून टाकी टिकते. वर्षा-दोन वर्षांनी बघत जा."

"अशी एक दांडी आमच्या घरात सत्तावीस वर्षं आहे," बायको म्हणाली. "बदलायची सोय नाही."

ती कोणाबद्दल बोलली हे मी विचारलं नाही.

अर्थिंगसाठी खड्डा लागणार होता. तिने जागा दाखवली ती नेमकी काकांच्या कढीपत्त्याच्या झाडाजवळ. काका तिला एक हात अलीकडे, मग दोन हात पलीकडे सरकवत राहिले. शेवटी ती म्हणाली, "काका, तुम्ही सांगा. कढीपत्ता की वरच्या काकू?" काका थोडा वेळ खरोखर विचारात पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली तेव्हा त्यांनी स्वतः कुदळीने खड्डा खणून ठेवला होता, तिने सांगितल्याहून खोल. कोळसा आणि मीठही टाकून ठेवलं होतं. वाडीत जन्म गेलेल्या माणसाला खड्ड्याबद्दल कोणी शिकवू नये, असा त्यांचा चेहरा होता. जाता जाता तिने वरची आणि खालची लाइनही वेगळी करून दिली. काकींनी त्याबद्दल तिला चिकूची पिशवी भरून दिली आणि काकांना काही दिलं नाही.

सगळं जोडून झाल्यावर तिने बटण दाबलं आणि बायकोला शेजारी उभं करून शिकवलं. चालू करा, वीस मिनिटं सोडा, बंद करा, मगच आत जा. गरम पाणी आधी बादलीत अर्धं घ्या, मग थंड मिसळा. नळ सोडून त्याखाली उभं राहाल तर जितकं गरम बाहेर पडतं तितकंच थंड आत शिरतं आणि सगळं कोमट होत जातं. तोटीतून थेंब पडले तर खाली डबा ठेवा, खुंटी नाही.

"वीस मिनिटं?" मी मध्येच म्हणालो. "मी वीसच म्हणालो होतो!"

"हो," बायको म्हणाली. "तुमचं गणित बरोबर होतं. बिचाऱ्या गिझरला ते आधी कोणी सांगितलं नव्हतं."

त्या दिवशी साडेएकोणीस मिनिटांत पाणी साठ अंशांना पोचलं. थर्मामीटर मी परत करणार होतो, पण तेवढ्यासाठी एक दिवस ठेवून घेतला होता. बायको आंघोळ करून बाहेर आली तेव्हा न्हाणीघरातून वाफ तिच्या मागोमाग आली. दहा दिवसांची ती चौदा दिवस राहिली.

जानेवारीत मी उष्णतेचा धडा घेतला. ते जुनं वाक्य ओठांवर आलं होतं; मागच्या बाकावरचा एक जण नेमका अडखळला होता. मी ते गिळलं आणि त्याला विचारलं, "तुमच्या घरी पाणी कशावर तापतं?" तो म्हणाला, "चुलीवर." मग तो बोलत सुटला. कोणतं लाकूड लवकर पेटतं, हंड्याच्या बुडाला काजळी धरली की काय होतं, झाकण ठेवलं तर किती फरक पडतो. घंटा झाली तरी आमचं चाललंच होतं. तास माझा कमी आणि त्याचा जास्त झाला.

मे महिन्यात बायको पुन्हा आली. तेव्हा प्रश्न उलटा झाला होता. गच्चीवरची काळी टाकी दिवसभर उन्हात, त्यामुळे दुपारी नळाच्या पाण्याने हात पोळायचा. एके दिवशी मी न्हाणीघरात उभा राहून विचार केला. गिझर बंद, रात्रभर भरलेला, सावलीत, आणि गरम पाणी लवकर थंड होऊ नये म्हणून भोवती जो कापूस घातलेला असतो तोच बाहेरची उष्णता आत येऊ देणार नाही. मी लाल खुणेचा नळ सोडला. गार पाणी आलं! आयुष्यात पहिल्यांदा माझं भौतिकशास्त्र मला आंघोळीला उपयोगी पडलं होतं. मी त्याच पावली त्या मुलीला फोन केला आणि शोध सांगितला.

"हो सर," ती म्हणाली. मागे ड्रिल मशीन चालू होतं. "इकडे सगळे उन्हाळ्यात तेच करतात. तुम्हाला माहीत नव्हतं?"

ही बातमी बायकोने काकींना सांगितली आणि काकींनी काकांना. दुसऱ्या दिवशी दुपारी काका खांद्यावर पंचा टाकून वर आले. एकच बादली घेतो म्हणाले. त्यानंतर रोज येऊ लागले. त्यांचं भजन आतून ऐकू यायचं, आणि बायको बाहेर साबण घेऊन आपला नंबर लागायची वाट बघत उभी असायची.

एकदा भजन मध्येच थांबलं.

"सर, आता गरम यायला लागलं," आतून काका म्हणाले. "परत थंड व्हायला किती टाइम लागेल?"

मी बायकोकडे बघितलं. तिने भुवया उंचावल्या. मी कागद-पेन्सिल शोधायला आत गेलो.